शरणम्मांच्या घरचं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटून बसा. मिटले? आता असं एक गाव डोळ्यांपुढं आणा, जिथं पाऊस थांबतच नाही. सकाळी उठावं तर पाऊस, शाळेला निघावं तर पाऊस, शाळा सुटली तरी पाऊस. डोंगर हिरवेगार, डोंगरावर मेंढ्या, आणि मेंढ्यांची लोकर सदा ओली. तिथली माणसं भेटली की "आज जरा उघडलंय बरं का" एवढं म्हणूनच खूश होतात. आलं डोळ्यांपुढं? मग त्या गावातली एक बाई अलगद उचला आणि आपल्या मराठवाड्यात आणून उभी करा; तेही मे महिन्यात, दुष्काळाच्या साली. उघडा डोळे. आपली गोष्ट तिथून सुरू होते.

त्या बाईंचं नाव ग्वेन. वेल्स नावाच्या लहानशा देशातून त्या नांदेडला आल्या होत्या. त्या मिशनरी होत्या. म्हणजे, देवाचं काम समजून परक्या मुलखात जायचं आणि तिथल्या लोकांच्या उपयोगी पडायचं, असं ठरवून घरातून निघालेल्या. त्यांना येत होतं ते शिकवणं. नांदेडला मिशनच्या एका शाळेत त्या शिकवायच्या, आणि शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या रहमतबींकडून मराठी शिकायच्या. त्यामुळं त्यांची मराठी अर्धी पुस्तकातली आणि अर्धी रहमतबींच्या चुलीपुढची. एखाद्याला "कृपया आसनस्थ व्हा" म्हणायच्या आणि लगेच "नखरे नको करू रे!" असंही दटावायच्या.

पहिल्याच वर्षी ग्वेनबाईंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात उभं राहायचं त्राण नाही. रहमतबींनी उसाचा रस, मुगाची पातळ खिचडी आणि भरपूर बोलणी खायला घालून त्यांना पुन्हा पायांवर उभं केलं. बाई बऱ्या झाल्या त्या दिवशी रहमतबींनी त्यांचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"बाई, पानी उकळूनच प्यायचं. कुनी कित्तीबी आग्रह करू दे. मेरे सर की कसम खाओ."

"रहमतबी, आमच्यात शपथ घेत नाहीत."

"आमच्यात घेतात. खाओ!"

बाईंनी शपथ घेतली. रहमतबींपुढं कुणाचं काही चालत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली. मिशनमधली बाकीची परदेशी मंडळी थंड हवेच्या डोंगरांवर निघाली. ग्वेनबाईंनी मात्र एक पिशवी भरली, उकळलेल्या पाण्याची बाटली काखेला अडकवली आणि लोह्यावरून अहमदपूरला जाणारी एसटी पकडली. अहमदपूरच्या पुढं माळावर सावरमाळ नावाचं गाव होतं. तिथले रामकिशन गुरुजी एकदा नांदेडला आले असताना बाईंना म्हणाले होते, "सुट्टीत पोरं सगळं विसरतात बघा. पाटी कोरी ती कोरीच. कुणी महिनाभर शिकवणारं मिळालं तर सोनं होईल." बाईंनी ते मनात धरून ठेवलं होतं.

लातूर नवा जिल्हा होऊन तेव्हा वर्षही भरलं नव्हतं. बाई सावरमाळला पोचल्या तेव्हा गुरुजी स्टुलावर चढून शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पांढऱ्या रंगानं पुसत होते.

"या बाई, या! नवा जिल्हा, नव्या बाई!" ते वरूनच ओरडले. "पाऊस तेवढा जुनाच राहिला. गेल्या साली आला नाही, औंदाचं माहीत नाही."

गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर यायचा, पण कधी येईल ते ड्रायव्हरलाच ठाऊक. बाया-माणसं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. घरी राहायच्या म्हाताऱ्या, पाण्यासाठी थांबलेल्या चार बाया, शेळ्या आणि पोरं. त्या पोरांना घेऊन बाईंनी शाळेपुढच्या लिंबाखाली वर्ग भरवला. 'ग्वेन' हे नाव सावरमाळच्या जिभेवर एक दिवसही टिकलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या 'गेनाबाई' झाल्या, आणि त्यांना ते फार आवडलं.

"माझे वडील खाणीत काम करायचे," बाईंनी पोरांना सांगितलं. "पाटीच्या दगडाची खाण. आमच्या गावात घरांच्या छपरावरसुद्धा पाट्याच असतात."

"छपरावर पाट्या?" दस्तगीर नावाचा पुढच्या दातांत फट असलेला मुलगा उठला. "मंग पोरं छपरावर चढून अभ्यास करतेत का, बाई?"

"करायला गेली तर वाहून जातील. पाऊस केवढा असतो!"

पावसाचं नाव निघालं की वर्ग चिडीचूप व्हायचा. गेनाबाईंना हे लवकरच उमगलं. दहा शब्द नीट वाचले की त्या एक पावसाची गोष्ट सांगायच्या. छत्री उलटी होऊन उडून गेलेल्या पाद्र्याची, चिखलात बूट अडकला म्हणून एका पायावर शाळेला गेलेल्या मैत्रिणीची. त्या गोष्टींच्या लोभानं पोरं शब्दांवर तुटून पडायची.

सगळ्यांत पुढं बसायची रुद्राणी. वय दहा, अंगानं काडी, नजर घारीची. पाटी पुसायला पाणी नव्हतं म्हणून सगळी पोरं थुंकीनं पाटी पुसायची आणि बाई कपाळाला हात लावायच्या. रुद्राणी कोरड्या फडक्यानं घासघासून पुसायची. गेल्या साली तिसरीचं निम्मं वर्ष तिचं टँकरच्या रांगेत गेलं होतं. तिचे आईबाप खडीवर, आणि घरात शब्द चालायचा तो तिच्या आजीचा, शरणम्मांचा. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. अव्वांनी गुरुजींना सरळ सांगून टाकलं होतं, "वाचायला येत नसंल तर पोरगी शाळंत काय माशा मारती? त्यापरीस घागर उचलंल." गुरुजींनी कसंबसं कबूल करून घेतलं होतं की शाळा उघडली की ते रुद्राणीची परीक्षा घेतील. धडा धडाधड वाचला तर चौथीत. नाही तर शाळा बंद, घागर सुरू.

"एवढा महिना मिळाला तर वाचील ती," गेनाबाई गुरुजींना म्हणाल्या. "मला खात्री आहे." आणि ती खात्री पोकळ नव्हती. रुद्राणी आता जोडाक्षरांत शिरली होती.

ऊन उतरलं की बाई गावात माणसांना भेटायला जायच्या. कुणी विचारलं, "बाई, धरम बदलायला आलात का हो?" तर त्या म्हणायच्या, "मी माझा घेऊन आलेय. तुमचा तुमच्याजवळ राहू द्या. पोरांना वाचायला शिकवते, चालेल?" लोक हसायचे, घोंगडं अंथरायचे. शरणम्मा लिंगायत. त्यांनी पदराआडचं गळ्यातलं लिंग चाचपून विचारलं, "माझा देव हितं हाय. तुमचा कुटं?" बाईंनी गळ्यातला लहानसा क्रूस वर काढून दाखवला, "माझासुद्धा गळ्यातच." अव्वा पहिल्यांदाच हसल्या. "बरं हाय. दोगींना बी शोधायची दगदग न्हाई."

मग त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ऊन लख्ख होतं, घरातल्या रांजणाचा तळ दिसत होता, तरी तांब्या गळ्यापर्यंत भरलेला होता.

"नको नको, राहू द्या," गेनाबाई घाईनं म्हणाल्या आणि काखेतल्या बाटलीवर थाप मारली. "माझं पाणी माझ्याजवळ आहे. तुम्हाला लागेल ते."

शरणम्मांनी एकदा त्या बाटलीकडं पाहिलं. मग तांब्या आत नेला. आत तो जरा जोरातच ठेवल्याचा आवाज आला. बाईंना आवाज ऐकू आला, कळला मात्र नाही. त्या पुढच्या घरी गेल्या. तिथंही तांब्या आला, तिथंही त्या हसून नको म्हणाल्या. रोज असंच. रात्री झोपताना त्यांना बरं वाटायचं. रहमतबींची शपथही पाळली, आणि या तहानलेल्या गावाचं चार घोट पाणीही वाचवलं!

आणि मग वर्ग गळायला लागला.

आधी मागची रांग गेली. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला ताप होता. दस्तगीर वाटेत भेटला तर "शेळी लई तरास देऊन राहिली, बाई" म्हणून शेळीला उगाच फरफटत घेऊन पळाला. गुरुजी भिडस्त माणूस. ते म्हणाले, "येतील हो. उन्हं फार आहेत." पण उन्हं तर पहिल्या दिवसापासून तशीच होती. अखेर एक दिवस लिंबाखाली रुद्राणी एकटीच होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तीही आली नाही.

त्या दिवशी गेनाबाईंनी फळा तसाच सोडला आणि तिला शोधायला निघाल्या. रुद्राणी टँकरच्या थांब्यावर सापडली. टँकर आला नव्हता. घागरींची लांबलचक रांग लागली होती आणि बाया घागरींना सावलीत टेकून बसल्या होत्या.

"रुद्राणी, आज आली नाहीस?"

रुद्राणी घागरीच्या काठावर बोट फिरवत राहिली. "अव्वा नगं म्हनली."

"पाण्याला यायचं होतं म्हणून?"

"न्हाई. पानी तर रोजच असतंय."

"मग?"

मुलीनं एकदम मान वर केली. "तुमी आमच्या घरचं पानी पेलं न्हाई."

गेनाबाईंना हसूच आलं. "अगं, मी तुमचं पाणी वाचवत होते!"

"पाव्हन्याला दिलेलं पानी कुनी वाचवतं का?" रुद्राणीच्या आवाजात राग होता आणि रडूही होतं. "अव्वा म्हनली, जिला आपल्या हातचं पानी चालत न्हाई, तिच्या हातचं शिकनं आपल्याला कशाला?"

रांगेतली एक बाई पदरानं वारा घेत म्हणाली, "खरं हाय की, बाई. आमच्यात पानी न पिता उठायचं म्हंजे येक तर भांडन, न्हाई तर समोरच्याला हलकं समजनं. भांडन तर तुमचं कुनाशी दिसत न्हाई."

"तसं नाही हो..." गेनाबाई सांगायला लागल्या. त्यांना एकेक घर आठवलं. रांजणाच्या तळातून खरवडून काढलेलं पाणी. ते पुढं धरणारे हात. आणि हसत हसत त्या हातांना मागं सारणाऱ्या आपण. त्यांचा चेहरा तापला, आणि तो काही उन्हानं नव्हे.

पण गेनाबाई खाणकामगाराच्या लेक होत्या. त्यांचे वडील म्हणायचे, पाटी वाकडी फुटली तर दगडाला शिव्या देऊ नये, आपण छिन्नी कुठं धरली होती ते बघावं. छिन्नी कुठं धरली ते आता दिसलं होतं. मग रडत कशाला बसायचं? त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि म्हणाल्या, "चल, अव्वाकडं."

"माझा नंबर जाईल!"

"जा गं पोरी," मघाची बाई म्हणाली. "तुझी घागर मी सरकवते. काय होतंय ते मला येऊन सांग म्हंजे झालं." आणि मग तिलाही राहवलं नाही. स्वतःच्या आणि रुद्राणीच्या घागरी शेजारणीच्या हवाली करून तीही मागून निघाली. तिच्या मागून आणखी दोघी-तिघी.

शरणम्मा ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सूप चालूच.

"अव्वा, माझं चुकलं," गेनाबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

"काय चुकलं?"

"तुम्ही पाणी दिलं, मी घेतलं नाही."

"मर्जी तुमची." सुपातला कोंडा उडाला. "आमी काय जबरदस्ती करून राहिलो का?"

मग बाईंनी काहीच न लपवता सांगितलं. कावीळ, पिवळे डोळे, उसाचा रस, खिचडी. रहमतबींच्या डोक्यावर ठेवलेला हात. आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन घरोघर नाकारलेले तांब्ये.

सूप थांबलं.

"ती रहमतबी तुमची कोन?"

"नात्यानं कुणी नाही. पण आई जवळ असती तर तिनं एवढंच केलं असतं."

"हूं." शरणम्मांनी सूप खाली ठेवलं. "आन हे सांगायला तुला तोंड नव्हतं व्हय गं? घरोघर बाटली वाजवत फिरलीस ती? लहान लेकरू बी सांगतं, माझं पोट दुकतंय म्हनून!"

'तुमी'ची 'तू' झालेली पाहून दारातल्या बाया एकमेकींकडं बघून हसल्या.

"तुज्या आईची शपथ मोडायची न्हाई," अव्वा उठत म्हणाल्या. "आन माज्या घरचं पानी बी मोडायचं न्हाई. रुद्राणी, तुराट्या आन. चूल पेटीव."

चूल पेटली. वाळलेल्या तुराट्या तडतडल्या. भर दुपारी, बाहेर पाखरू उडत नव्हतं अशा उन्हात, शरणम्मांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि ते खळाखळा उकळेपर्यंत शेजारी कंबरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी फळीवरून एक तांब्या काढला. लिंगायतांचे गुरू, जंगम स्वामी, घरी आले तरच तो निघायचा. राखेनं घासलेला, आरशासारखा. त्यात ते पाणी ओतलं, फडक्यात धरून बाहेर आणलं आणि बाईंपुढं ठेवलं.

"घे. आता कसली हरकत?"

ओसरीपुढं आता अर्धी गल्ली जमली होती. दस्तगीर शेळीसकट आला होता.

"थोडं निवू दे की, अव्वा," कुणीतरी म्हणालं.

"निवलं म्हंजे म्हनंल पुन्हा उकळा!" अव्वांनी फटकारलं. सगळे हसले.

गेनाबाईंनी फडक्यासकट तांब्या उचलला. तांब्याला तोंड न लावता वरून धार धरून पाणी कसं प्यायचं, ते रहमतबींनी त्यांना पोलकं भिजेपर्यंत शिकवलं होतं. त्यांनी मान मागं टाकली, तांब्या वर नेला, आणि पहिलाच थेंब ओठावर चटकन भाजला. उकळतं पाणी वरून ओतून कोण पिईल? त्यांनी तांब्या खाली घेतला. सगळं गाव बघत होतं. आता पुन्हा नको म्हणणं शक्य नव्हतं, आणि त्यांना म्हणायचंही नव्हतं. मग आपल्या घरी चहा प्यायच्या तशा त्यांनी तांब्याच्या काठाला ओठ लावले, फुंकर घातली, आणि घोट घोट पाणी पिऊ लागल्या. घामाच्या धारा लागल्या. नाक लाल झालं. तरी त्या थांबल्या नाहीत. निम्मा तांब्या संपला तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

"अव्वा," त्या म्हणाल्या, "फार चांगलं पाणी आहे."

पण कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा तांब्यावर होत्या.

"अगं बया," एक म्हातारी पुटपुटली. "तोंड लावलं की. उष्टा झाला जंगमाचा तांब्या."

आता गेनाबाईंनाही कळलं. त्यांनी चटकन ओठांवर हात नेला. शरणम्मा तांब्याकडं बघत उभ्या होत्या. त्या पक्क्या सोवळ्याच्या. दुसऱ्याच्या उष्ट्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

"तांब्या चिंचेनं घासला की झालं," रांगेतली बाई हळूच म्हणाली. "पन उरलेलं पानी? फेकून द्यायचं?"

"फेकून?" दुसरी कडाडली. "येड लागलं का? टँकर अजून आला न्हाई!"

"माज्या शेळीला द्या," दस्तगीर म्हणाला.

"गप ए! जंगमाच्या तांब्यातलं पानी शेळीला?"

शरणम्मा दोन्हीकडून अडकल्या होत्या. दिलेलं पाणी फेकायचं, तर पाहुणीला पुन्हा दारातून हाकलल्यासारखं. ठेवायचं, तर घरात कुणी पिणार नाही. मघाशी जी चूक बाईंची होती, ती आता सगळ्या ओसरीच्या मधोमध येऊन बसली होती, वाफाळत. गेनाबाईंना वाटलं, संपलं. महिना गेला, वर्ग गेला, आणि या मुलीची शाळाही गेली.

तेवढ्यात बायांमधून वाट काढत रुद्राणी पुढं आली. तिनं आधी अव्वांकडं पाहिलं. अव्वांनी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. रुद्राणीनं दोन्ही हातांनी तांब्या उचलला, बाईंचे ओठ लागले होते तिथंच आपले ओठ टेकवले, आणि फुंकरा घालत घालत उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग तांब्या उपडा करून हलवला. शेवटचे दोन थेंब तळहातावर पडले. ते तसेच मुठीत धरून ती घरात पळाली, कोनाड्यातली पाटी काढली, ओल्या तळव्यानं स्वच्छ पुसली आणि गेनाबाईंपुढं पायरीवर मांडी घालून बसली.

"बाई," ती म्हणाली, "काल आपुन कुटवर आलतो?"